वर्डप्रेसच्या सर्चमध्ये कस्टम फील्डमधली माहिती का सापडत नाही?

तुमच्या वाचनालयाच्या साइटवर प्रत्येक पुस्तक म्हणजे एक पोस्ट आहे आणि लेखक, किंमत, दाखल क्रमांक एसीएफच्या (अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स, पोस्टला जादा रकाने जोडणारं प्लगइन) फील्डमध्ये भरलेत. लेखकाचं नाव शोधलं तर काहीच येत नाही, म्हणून तुम्ही सर्चला मेटा_क्वेरी (कस्टम फील्डवर लावायची अट) जोडलीत, तर शीर्षकावरून सापडणारी पुस्तकंही गायब झाली. शिवाय ‘200 च्या आतली पुस्तकं’ मागितली की भलतीच यादी येते. या दोन वेगळ्या भानगडी आहेत.

वर्डप्रेसचा मूळचा सर्च शीर्षक, सारांश आणि मजकूर एवढंच बघतो. कस्टम फील्ड पोस्टमेटा नावाच्या वेगळ्या टेबलात असतात, तिथे तो जातच नाही. आणि मेटा_क्वेरी जोडली की ती ‘किंवा’ने नाही, ‘आणि’ने जोडली जाते. म्हणजे टाकलेला शब्द शीर्षकातही हवा आणि लेखकाच्या फील्डमध्येही हवा! असं पुस्तक कुठून मिळणार?

एसक्यूएलच्या (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेच्या) फिल्टरमध्ये हात घालून हे जुळवता येतं, पण मी ते सुचवणार नाही. लेखक हा फील्डचा विषयच नाही, त्याची टॅक्सॉनॉमी (कॅटेगरी किंवा टॅगसारखी वर्गवारी) करा. एकाच लेखकाची पुस्तकं एकत्र दाखवणारं पान आपोआप मिळतं आणि शोधही झटपट होतो. पोस्टमेटातल्या व्हॅल्यूच्या कॉलमला इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीची सूची) नसतो, त्यामुळे तिथे शोधताना डेटाबेसला नाहक राबावं लागतं. वाचकांना एकाच चौकटीत काहीही टाकून शोधायचं असेल, तर रेलेव्हान्सी हे प्लगइन घ्या. त्याच्या सेटिंगमध्ये नेमकी कोणती फील्ड घ्यायची ते सांगा. सरसकट ‘सगळी’ निवडू नका, कारण एसीएफ प्रत्येक फील्डबरोबर अंडरस्कोरने सुरू होणारी स्वतःची एक खूणही साठवतं, तो कचरा इंडेक्समध्ये कशाला? सेटिंग बदललं की इंडेक्स पुन्हा बांधायचा, हे बरेच जण विसरतात आणि प्लगइनला नावं ठेवतात.

आता किंमत. पोस्टमेटात सगळं अक्षरं म्हणूनच साठतं. मेटा_क्वेरीत टाइप दिला नाही तर तुलनाही अक्षरांची होते: 1000 हे 200 पेक्षा ‘लहान’ ठरतं, कारण 1 हा 2 च्या आधी येतो, आणि 90 ‘मोठं’ ठरतं. म्हणून टाइप न्यूमेरिक द्या. पण त्याआधी किमती कशा भरल्यात ते बघा. ‘150/-’ चालून जातं, मायएसक्यूएल, म्हणजे वर्डप्रेसचा डेटाबेस, सुरुवातीचे आकडे उचलतं. ‘रु. 150’ चं मात्र शून्य होतं. देवनागरी ‘५००’ चंही शून्यच. म्हणजे देवनागरी आकड्यांत किंमत भरलेलं प्रत्येक पुस्तक 200 च्या आत! तुमची भलती यादी मला तरी यातलीच वाटते. साध्या टेक्स्ट फील्डऐवजी नंबर फील्ड ठेवा आणि जुन्या नोंदी एकदा साफ करा.

दाखल क्रमांक फील्डमध्येच राहू दे, फक्त तुलना ‘लाइक’ने (कुठेही तेवढे आकडे आले की चालणारी तुलना) नको, थेट बरोबरीने करा. नाहीतर 12 मागितलं की 112 आणि 1204 पण समोर येतात.

लेखकांची नावं टॅक्सॉनॉमीत हलवायला छोटी स्क्रिप्ट पुरते: प्रत्येक पोस्टचं फील्ड वाचायचं आणि डब्ल्यूपी_सेट_ऑब्जेक्ट_टर्म्स या फंक्शनला द्यायचं. आधी डेटाबेसचा बॅकअप घ्या. मग यादी उघडून बघा, आद्याक्षरांमध्ये जागा सोडलेला आणि न सोडलेला एकच लेखक दोनदा आलेला दिसेल. ते हातानेच जोडावं लागतं.