देवाचं काही राहिलंय का?

(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या ताई सांगोला तालुक्यातल्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका. घरी डाळिंबाची बाग आणि पिढीजात पंढरीची वारी. दोन मुलांची आई, आता आजीही.)

प्रश्न : माझे मिस्टर आयटी कंपनीत होते. एप्रिलमध्ये त्यांना कामावरून कमी केलं. फ्लॅटचा हप्ता चालू आहे. मुलगा सातवीत, मुलगी चौथीत. बाबा घरून काम करतात असंच दोघं समजतात, आम्ही अजून सांगितलेलं नाही. सासूबाई म्हणतात, घराण्यात देवाचं काहीतरी राहिलंय. त्यांच्या ओळखीच्या एकांनी नारायण नागबळीचा विधी करायला सांगितलंय. पैशासाठी माझ्या पाटल्या मोडाव्या लागतील. माझी श्रद्धा आहे, पण मन घेत नाही. काय करू?
– एक आई, पिंपरी-चिंचवड

उत्तर : पाटल्या मोडू नका. हे आधी सांगून टाकते, बाकीचं सावकाश वाचा.

सासूबाईंना मात्र उडवून लावू नका. पोटचा पोरगा भरल्या दिवसा घरात बसलेला त्यांना बघवत नाही. कंपनीत काय झालं ते त्यांना कळणार नाही, पण नैवेद्य कसा करायचा ते कळतं. मग जे हातात आहे तिकडे त्या वळणारच. तुमचं कुलदैवत तुळजापूरचं असो नाहीतर जेजुरीचं, त्यांना घेऊन एसटीने जा. ओटी भरा, तळी भरा, घरी या. कुलधर्म ऐपतीप्रमाणे करायचा असतो, हे आमच्याकडे जुनी माणसंच सांगायची. दागिना मोडून विधी करा म्हणणाऱ्याला तुमचा देव किती दिसतो आणि तुमच्या पाटल्या किती, याचा विचार तुम्हीच करा.

आमच्या घरावर अशी वेळ तेल्याने आणली. शहरातल्या वाचकांसाठी सांगते, तेल्या म्हणजे डाळिंबावरचा जिवाणूंचा रोग. पानावर आधी बारीक तेलकट ठिपका दिसतो. मग फळावर काळा डाग, आणि तो डाग मधूनच तडकतो. फळ हातात घेतलं तर भेगेतून आतले दाणे दिसतात, पण बाजारात त्याला कुणी विचारत नाही. मृग बहाराला पावसाची झड लागली आणि आठवड्यात बाग हातची गेली. बोर्डो म्हणजे मोरचूद-चुन्याचं पाणी फवारलं, जमिनीवर ब्लीचिंग पावडर टाकली, रोगट फळं वेचून खड्ड्यात जाळली. शेवटी जेसीबी लावून झाडं उपटली.

आमचे हे माळकरी, एकादशी कधी मोडली नाही. शेजारच्या रानातले भाऊ देव मानत नाहीत. दोघांच्याही बागा त्याच महिन्यात गेल्या. गावात आमच्याबद्दलही ‘देवाचं राहिलंय’ झालंच. यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘तेल्याला माळ दिसत नाही. त्याला दमट हवा आणि शेजाऱ्याची न धुतलेली कात्री पुरते.’ संध्याकाळी हरिपाठाला मात्र नेहमीसारखे बसले. त्या वर्षी देवाकडे काही मागायचंच नाही असं त्यांनी ठरवलं होतं की काय, मला माहीत नाही, मी विचारलं नाही. पण घरात सातला दिवा लागतो, टाळ वाजतो, दहा-पंधरा मिनिटं कुणी उधारीचं बोलत नाही, एवढं टिकलं. मला श्रद्धेचा तेवढाच उपयोग ठाऊक आहे, आणि तो कमी नाही.

आता मुलांचं. सांगा. येत्या रविवारीच सांगा, दोघांनी मिळून, टीव्ही बंद करून. सातवीतल्या मुलाला घरातलं सगळं ऐकू येतं. बाबा लॅपटॉपसमोर बसतात पण फोनवर कुणाला रागावत नाहीत, हे त्याच्या कधीच ध्यानात आलं असेल. तुम्ही सांगितलं नाही की तो मनातल्या मनात काहीतरी भलतंच जुळवून बसेल.

आम्ही त्या वेळी मुलांपुढे वही उघडली होती. गावच्या शेती सोसायटीचं कर्ज, फवारणीच्या औषधवाल्याची उधारी, माझा पगार, सगळं त्यात होतं. शाळा चालूच राहील. दिवाळीला नवे कपडे नाहीत, सायकल पुढच्या वर्षी. थोरलीने मान डोलावली. धाकटा मात्र रडायलाच लागला. किती विचारलं तरी सांगेना. शेवटी म्हणाला, ‘शेळी विकणार का?’ शेळीचा विषय आमच्या डोक्यातसुद्धा नव्हता. मुलांची भीती आपण समजतो तिथे नसतेच. म्हणून काय बंद होणार ते सांगाल तेव्हा काय चालू राहणार तेही नाव घेऊन सांगा. कराटेचा क्लास, मित्राचा वाढदिवस, मे महिन्यात मामाचं गाव. ‘सगळं ठीक होईल’ असं मोघम बोलू नका, त्याने कुणाचं समाधान होत नाही.

आणि ताई, देवाधर्माइतकंच हेही करा. हप्ता थकायच्या आधी बँकेत जाऊन भेटा, थकल्यावर त्यांची बोलण्याची तऱ्हा बदलते. मिस्टरांच्या नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्य विमाही गेला असणार, तेव्हा घरचा विमा आधी काढा. सासूबाईंचं वय बघता हे जेजुरीच्याही आधी.

प्रश्न : आई 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. ती रोज पोथी वाचायची. आता वडिलांची अँजिओप्लास्टी ठरली आहे. मी अकरा वर्षांच्या मुलीला देवापुढे हात जोडायला सांगितले, तर ती म्हणाली, ‘आजी रोज जोडायची, काय झालं?’ मी गप्प बसलो. बायको म्हणते, मुलगी नास्तिक होईल. काय उत्तर द्यायचं?
– एक बाप, लातूर

उत्तर : दादा, मुलगी चौकस आहे, तिला जपा. ‘देवाला चांगली माणसं लवकर लागतात’ हे मात्र तिला सांगू नका. मग उरलेले आपण सगळे वाईट, एवढा हिशेब अकरा वर्षांची पोर करतेच.

तिला तुकोबांचं सांगा. 1630 च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला. देहूतलं त्यांचं दुकान बुडालं, दिवाळं निघालं. पहिली बायको अन्न अन्न करीत गेली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. मुलगाही गेला. विठ्ठलाचं त्यांच्याइतकं कुणी केलं असेल? तरी हे झालं. त्यानंतर त्यांनी घराण्यातलं मोडकळीला आलेलं विठ्ठलाचं देऊळ दुरुस्त केलं. सावकारीतल्या आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, असं सांगतात. देवाशी भांडण तर आयुष्यभर चाललं. तुमच्या मुलीचा प्रश्न आपल्याकडे फार आधीपासून विचारला गेलाय. तो विचारणाऱ्याला आपण संत म्हणतो, नास्तिक नाही.

मी स्वतः 1972 च्या दुष्काळात दहा वर्षांची होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. आम्हाला सुकडी मिळायची, घरी मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी. ती गार झाली की चावत नसे. रात्री देवळात भजन होई, आई मागे बसून पेंगायची. पाऊस दे असं तिने देवाला म्हटल्याचं मला आठवत नाही. भजनाला मात्र जायची, कारण तिथे तिच्यासारख्याच दिवसभर खडी फोडून आलेल्या बायका असायच्या.

2020 ला मार्चात पंढरपूरचं मंदिर बंद झालं ते दिवाळी पाडव्याला उघडलं. आषाढीला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने गेल्या. माझ्या सासूबाईंची महिन्याची वारी होती, आमच्यापासून पंढरपूर तीस-बत्तीस किलोमीटर. त्या वर्षी त्या घरातच होत्या. चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘तो आत एकटा, त्यालाच करमत नसंल.’ नातवंडं हसली आणि त्याही हसल्या. शिकवणूक वगैरे नव्हती ती, त्यांचं त्याच्याशी बोलणंच तसं होतं.

तेव्हा मुलीला ‘मला माहीत नाही’ म्हणा. बापाच्या तोंडून हे ऐकायला मुलांना आवडतं. हात जोडायचे की नाही ते तिच्यावर सोडा. ऑपरेशनच्या दिवशी तिला दवाखान्यात न्या, आजोबांचा चष्मा आणि कवळी सांभाळायचं काम तिला द्या. आणि दादा, आई गेली तेव्हा तुम्ही मुलीपुढे रडला होतात का? पत्रात तसं काही नाही. नसाल, तर तिचा प्रश्न कदाचित देवाबद्दल नाहीच. तो आजीबद्दल आहे. त्या लाटेत धड अंत्यदर्शनही मिळालं नाही कित्येकांना. आजीबद्दल घरात बोलायला लागा.

प्रश्न : आमचं घर माळकरी. मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला, हॉस्टेलवर. तिने माळ काढून ठेवली आणि अंडी खाते असं सुट्टीत आईला सांगितलं. भावकीत कळलं तर काय?
– माढा तालुक्यातून

उत्तर : भावकीत कळेल. भावकीतली किती मुलं पुण्यात काय खातात, हे भावकीलाही ठाऊक आहे.

तुमच्या मुलीने माळ गळ्यात ठेवून चोरून खाल्लं नाही. आधी माळ उतरवली आणि घरी येऊन सांगितलं. माळेचा एवढा मान ठेवणारी मुलगी तुम्हीच वाढवली, हे विसरू नका. ती माळ देवघरात ठेवा, कुणाला देऊन टाकू नका. घरात अंडं शिजणार नाही हे तिला स्पष्ट सांगा, ती ऐकेल. एकादशीला घरी आली तर साबुदाण्याची खिचडी तिच्याही ताटात वाढा, ‘तुला चालतं ना आता सगळं’ असला टोमणा न मारता. मेसमध्ये डाळ पातळ असते म्हणून ती अंड्याकडे वळली असेल, तर पुढच्या खेपेला शेंगदाण्याचे लाडू आणि फुटाणे जास्त बांधून द्या.