नवाहो (अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी नवाहो लोकांची भाषा) मधली रेघवाली एल (ł) 'ल्ह' म्हटली तर चालेल का?

नाही चालणार. गळ्यावर बोट ठेवून 'कल्हई' म्हणा, गळा थरथरतो. नवाहोतल्या त्या आवाजात गळा गप्प हवा. जीभ ल च्या जागी टेकवून ठेवायची आणि जिभेच्या कडांवरून नुसती हवा सोडायची. फुस्स झालं पाहिजे.

मी न्यू मेक्सिकोत गॅलपला फिजिओथेरपिस्ट होते. पेशंट बरेचसे नवाहो. दुभाषी असायची, पण मला हौस दांडगी. मनगट मोडलेल्या एका आजींच्या हाताकडे बोट करून मी त्यांच्या भाषेत 'हाड' म्हणाले, निदान मला तसं वाटलं. आजींनी खुर्चीच्या लाकडी दांड्यावर टकटक केलं, म्हणाल्या, "त्सिन." मग स्वतःच्या मनगटावर टकटक. पुन्हा "त्सिन", पण सुरुवातीलाच बाटलीचं बूच उडावं तसा टक्! पहिलं लाकूड, दुसरं हाड. म्हणजे मी आजींना लाकूड मोडल्याचं सांगत होते. पुढची दहा मिनिटं व्यायाम माझ्याच घशाचा: घसा आवळून श्वास अडवायचा, तसाच त्स फोडायचा, मग घसा मोकळा. त्यांचा नातू हसून हसून लोळत होता.

हे भावोजींना फोनवर सांगितलं, तर म्हणे, "त्यात काय, देवनागरीत जगातला कुठलाही आवाज लिहिता येतो." अहो, वर दोन्ही 'त्सिन' मला सारखेच लिहावे लागले! तेही सोडा, आपल्याच 'चार' आणि 'चारा' मधले दोन च आपण कुठे वेगळे लिहितो? (नुक्ता देता येतो, माहीत आहे. तुम्ही शेवटचा कधी दिला होतात?)

चाऱ्यातला च मात्र तिथे कामी येतो. डोंगराला त्यांचा शब्द रोमनमध्ये डी-झेड-आय आणि रेघवाली एल असा लिहितात. डी-झेड बघून ड्झ करू नका. चाऱ्यातल्या च ला इ लावा आणि शेवटी फुस्स. तसंच नुसता डी आपल्या त च्या जवळचा, आणि टी म्हणजे थ, पण उर्दूतल्या ख ची खरखर मिसळलेला. त-थ मधला फरक आपल्या कानांना उपजत कळतो, इंग्रजीवाले तिथेच अडखळतात.

आता खरं सांगते, माझी मजल पंधरा-वीस शब्दांपलीकडे गेली नाही. सूर वर-खाली झाला की अर्थ बदलतो, ते तर मला कधीच धड जमलं नाही. तेव्हा नवाहो बोलणारं माणूस गाठा आणि त्याच्याकडून कान धरून घ्या. भावोजींनी मात्र आधी 'डोंगर' म्हणून व्हॉइस नोट पाठवावी, पाच वर्षं वाट बघतेय.