एकर विकण्याआधी मुलीशी बोला

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले शेतकरी. मुलगी बारावी सायन्सला आहे. उर्सुला फ्रँकलिन या शास्त्रज्ञ बाईंबद्दल वाचल्यापासून म्हणते, 'फिजिक्सच करीन, विज्ञानातल्या नीतीसाठी काम करीन.' नीतीनं पोट भरत नाही. एक एकर विकून तिला इंजिनीअरिंगला टाकणार आहे. महिनाभर तिच्याशी बोललो नाही. तिला कसं समजवावं?

उत्तर : भाऊ, तिच्या मार्कांबद्दल तुम्ही एक ओळ लिहिली नाही, अबोल्याबद्दल मात्र लिहिलंत. मला काळजी त्याचीच वाटते. बारावीच्या वर्षात बापानं बोलणं टाकलं, की पोरगी पुस्तक उघडून नुसती बसते. आज संध्याकाळीच बोला. आणि तिला नको असलेल्या शाखेपायी वावर विकू नका.

नीती म्हणजे नुसती भाषणं, हा तुमचा गैरसमज आहे. फ्रँकलिनबाई (1921–2016) भौतिकशास्त्रात डॉक्टरेट झालेल्या, टोरांटो विद्यापीठात धातुशास्त्राच्या प्राध्यापक. उघड्यावरच्या अणुचाचण्यांतून पडणारं स्ट्रॉन्शियम-90 हे किरणोत्सारी द्रव्य शरीरात कॅल्शियमसारखं वागतं. चारा, गाय, दूध या वाटेनं ते लेकरांच्या हाडा-दातांत बसतं. कॅनडातल्या महिलांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासणीसाठी गोळा केले, त्या मोहिमेत बाई होत्या. 1963 साली वातावरणातल्या चाचण्यांवर बंदीचा करार झाला, त्यामागे अशा मोजणीचाही रेटा होता. मोजता येत होतं, म्हणून त्यांचं ऐकलं गेलं.

असं काम आपल्याकडेही पडलेलं आहे. 2017 मध्ये तुमच्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेनं माणसं दगावली. कित्येक गावांच्या बोअरला फ्लोराईड आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. मोजताना पाण्यातल्या ॲल्युमिनियमनं धरून ठेवलेलं फ्लोराईड बफर (ठरावीक रासायनिक द्रावण) टाकून मोकळं केलं नाही, तर आकडा कमी येतो आणि वाईट बोअर चांगली ठरते. ही चूक पकडणारं माणूस तालुक्याला हवं आहे.

फिजिक्सच्या प्रवेशपरीक्षा नेहमीच्याच : बारावीनंतर आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची, तशाच नायसर या संस्थेसाठी नेस्ट, नाहीतर बी.एस्सी. करून एम.एस्सी.साठी जॅम. पोटाचं म्हणाल, तर एम.एस्सी. फिजिक्सनंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा आहे. कॅन्सरच्या रेडिओथेरपी (किरणोपचार) विभागाला मेडिकल फिजिसिस्ट आणि विकिरण सुरक्षा अधिकारी नियमानं लागतोच. यंत्रातून निघणाऱ्या किरणांचा डोस तपासणं आणि तो चुकत असेल तर उपचार थांबवायला सांगणं, हे त्यांचं काम.

मुलीलाही निरोप द्या. प्रॅक्टिकलच्या वहीत दुसऱ्याचे आकडे उतरवू नकोस. व्हर्निअर या मोजपट्टीची शून्य त्रुटी (काही मोजत नसताना ती दाखवते तो आकडा) आधी लिही, पाच वाचनं घे, आणि जुळलं नाही ते वाचन खोडू नकोस.