दुकानाच्या पाटीसाठी ‘मोदक’ फॉन्ट चालेल का?

खाऊचं दुकान असेल तर बिनधास्त वापरा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचा हा फॉन्ट मुळात हाताने रेखाटलेला, त्यामुळे अक्षरं खरोखर उकडीच्या मोदकासारखी गुबगुबीत. ‘ब’च्या पोटातली पोकळी जेमतेम एका रेघेइतकी उरते. फार गोड दिसतं ते! पण अडचणही तिथेच आहे: अक्षरं लहान घेतली तर ही रेघ छपाईत शाईने बुजू शकते. वजन, म्हणजे अक्षराची जाडी, एकच आहे, म्हणून बोल्डचं बटण दाबू नका, अक्षराचा नुसता गोळा होतो. बाह्यरेषा हवीच असेल तर ती अक्षराच्या मागच्या थरावर द्या. पत्ता, फोन नंबर ‘मुक्ता’ फॉन्टमध्ये घ्या. दोन्हींचा परवाना खुला आहे, धंद्याच्या कामालाही पैसे पडत नाहीत.