चार तासांच्या माउंटन बाइक राइडला सॅक हलकी कशी करायची?

सॅक सहा किलोची होते, उतारावर मानेवर येऊन आदळते, यातलं काय काढू, असं तुम्ही विचारलंय. आधी पाणी काढा. टाकून नका देऊ, पाठीवरून काढा.

तीन लिटरची पिशवी काठोकाठ भरली की तीन किलो तिथेच झाले, म्हणजे तुमचं निम्मं ओझं. मी तासाला अर्धा लिटर धरतो, ऊन तापलं तर पाऊण. वाटेत भरायची खात्रीची जागा असेल तर तिथपर्यंतचंच घेतो. एक बाटली फ्रेमवर, उरलेलं पाठीवर. फ्रेमवरचं वजन सायकलबरोबर हलतं. पाठीवरचं मात्र प्रत्येक दगडावर आपल्यामागून एक धक्का जास्तीचा देतं.

जादा ट्यूब आणि टायर लिव्हर (टायर रिममधून उचकटायच्या पट्ट्या) पट्ट्याने फ्रेमला बांधा. ट्यूब जुन्या मोज्यात घालून बांधा, नाहीतर चिखल आणि घर्षणाने तिला भोक पडतं आणि ते कळतं नेमकं पंक्चर झाल्यावर. डक्ट टेपचं रीळ नको, पंपाभोवतीच चार वेढे गुंडाळून ठेवा.

मल्टिटूल, म्हणजे घडीच्या पान्यांचा जुडगा, घरीच तपासा. एकेक करून सायकलचा प्रत्येक बोल्ट त्याने फिरवून बघा. माझ्या सायकलला 4, 5, 6 मिमी ॲलन (षटकोनी) आणि टी25 (ताऱ्याच्या आकाराची) चावी लागते, बाकी पाती मी कधी उघडलेली नाहीत. चेन तोडायचं टूल त्यातच असलेलं बरं. चेन ऑइलची बाटली, दुसरा पाना, जड कुलूप, कपड्यांचा जादा जोड हे सगळं घरी ठेवा.

पण हलकं करायच्या नादात चिल्लर वस्तू काढू नका. क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) आणि डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला धरून ठेवणारा छोटा तुकडा) हातात घेतले तर जाणवतही नाहीत. एकदा माझी चेन तुटली. लिंक होती, पण 10 स्पीडची, म्हणजे मागे 10 गिअर असलेल्या सायकलची, आणि चेन 12 स्पीडची. बसेचना! उतारांवर नुसता घरंगळलो, बाकी सगळी वाट सायकल ढकलत आलो. चूक माझीच, जुन्या सायकलची लिंक तशीच पिशवीत राहिली होती. हँगरचंही तेच: प्रत्येक फ्रेमचा वेगळा, मित्राचा उपयोगी पडेलच असं नाही.

पंपाऐवजी सीओटू काडतूस, म्हणजे टायर भरायची दाबलेल्या कार्बन डायऑक्साइडची छोटी नळी, घ्यावं का? 16 ग्रॅमचं काडतूस एका टायरपुरतं, आणि तोंड नीट बसलं नाही तर सगळा गॅस हवेत. शिवाय हा गॅस रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो, दुसऱ्या दिवशी टायर मऊ लागतो. मी छोटा पंपच नेतो. तो जड आहे, पण संपत नाही. फक्त सॅकमध्ये मणक्यावर येईल असा उभा ठेवू नका. पाठीवर पडलात तर काय होईल ते सांगायला नको.

गॉझ, क्रेप बँडेज आणि घडीचं फॉइल ब्लँकेट यांना हात लावू नका. वारा अडवणारं पातळ जॅकेटही राहू द्या. भर उन्हात निघताना ते मूर्खपणाचं वाटतं, वाटू द्या.

टायर ट्यूबलेस आहेत का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर प्लग (भोकात खुपसायच्या रबरी पट्ट्या) घ्याच, पण ट्यूब काढू नका. टायरची बाजू दगडाने चिरली तर सीलंट (भोक बुजवायला टायरमध्ये भरलेला द्रव) नुसता बाहेर फेसाळत राहतो. तेव्हा आतून जुन्या टायरचा तुकडा लावून ट्यूब घातली तरच घरी येता येतं.