मागचा डोंगर पुढे का येतो?

प्रश्न : स्विस चित्रकार कास्पार वोल्फ याच्या लाउटरार हिमनदीच्या चित्राची (१७७६) तैलरंगात नक्कल करते आहे. मागची शिखरं निळी केली तरी अंगावर येतात, बर्फ चुना फासल्यासारखा दिसतो. कुठे चुकतं?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : अंतर निळ्या रंगाने येत नाही, उजेड आणि सावलीतला फरक कमी केल्याने येतं. मोबाइलवर चित्राचा कृष्णधवल फोटो काढा. मागच्या शिखराची सावली पुढच्या शिळेच्या सावलीइतकीच काळी दिसली, तर दोष तिथेच आहे. आधी पॅलेटवर राखाडीच्या पाच छटा करून ठेवा. शिळेला पाचही वापरा, मधल्या कड्यांना मधल्या तीन, दूरच्या शिखरांना फक्त सगळ्यांत फिकट दोन. रंग त्यानंतर.

निळा म्हणून प्रशियन निळा घ्या. त्या काळी तोच प्रचलित होता, कृत्रिम अल्ट्रामरीन हा दुसरा निळा १८२०च्या दशकात आला. पण हा रंग फार जहाल. अक्रोडाएवढ्या पांढऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढा पुरतो, सोबत किंचित बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी. रामटेकची टेकडी उन्हाळ्यात धुळीतून मळकट पिवळी दिसते. डोळ्यांत बसलेला तो रंग आल्प्सला लागू देऊ नका, तिथली हवा स्वच्छ आणि थंड. वोल्फ जागेवर अभ्यासचित्रं करायचा आणि स्टुडिओत पूर्ण केलेलं चित्र पुन्हा तिथे नेऊन ताडून बघायचा, म्हणून त्याची शिखरं इतकी खरी वाटतात.

बर्फात निव्वळ पांढरा फक्त दोन-तीन ठिकाणी, तोही शेवटी. उन्हातल्या भागात यलो ऑकरचा (मातकट पिवळ्याचा) अंश घाला, सावलीला निळसर राखाडी. हिमनदीवर दगडमाती असते, ती गाळू नका. आणि चित्रातली माणसं मूळ मापाचीच ठेवा. ती थोडी मोठी झाली, की एवढा डोंगर टेकडी होतो.

प्रश्न : मे महिन्यात काढलेल्या चित्रावर सुरकुत्या पडल्या. का?

उत्तर : थर जाड आणि तेल जास्त. पंचेचाळीस अंशांत वरची साय लगेच धरते, आतला रंग ओलाच राहतो. पहिला थर नुसत्या टर्पेंटाइनने पातळ करा, दुसऱ्याला दोन भाग टर्पेंटाइन आणि एक भाग जवसाचं तेल, शेवटच्याला दोन्ही सारखे. तेल चित्रकारांसाठी शुद्ध केलेलंच हवं. हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं तेल काळवंडतं आणि मग बर्फच पिवळा पडतो.

प्रश्न : व्हार्निश धुरकट झालं.

उत्तर : ओल. पावसाळ्यात किंवा कूलरच्या झोतात व्हार्निश लावू नका, खोलीत कूलर असेल तर आदल्या दिवशीच बंद करा. चित्र पूर्ण झाल्यावर सहा महिने थांबा. मेमधलं चित्र डिसेंबरच्या कोरड्या दुपारी घ्या, कॅनव्हास आडवा ठेवा आणि रुंद ब्रशने एकच पातळ हात द्या.