वही माळ्यावर का टाकली?

प्रश्न : माझं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे, दहावीला ९१ टक्के होते. वर्षभर तिला रेसिंग कारचं वेड लागलंय. अपघातांचे व्हिडिओ बघते, क्लच आणि अँटी-स्टॉलवर वही भरून लिहिते. सहामाहीत फिजिक्सचे मार्क घसरले तेव्हा रागात मी ती वही माळ्यावर टाकली. वेड कळावं म्हणून एका पानाचा फोटो जोडलाय. तिनं कॉम्प्युटरला जावं, पुण्यात चांगली नोकरी करावी. तेलात हात मी घातले तेवढे पुरे. तिला समजवा.
– एक वडील, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार. मार्कांचं नंतर बोलू. तुमच्या पत्रात मला खुपली ती माळ्यावर गेलेली वही. फोटोतलं पान मी तीनदा वाचलं. वर तिनं लिहिलंय, ‘गाडी बंद पडू नये म्हणून केलेली सोय अपघातानंतरही इंजिन चालूच ठेवत असेल तर?’ हे वाचून तुम्हाला वेगाचं वेड दिसलं. मला माणूस वाचवण्याची काळजी दिसली.

तिचा प्रश्न खरा आहे. गाडी गरकन फिरली, चाकं अडली, की इंजिनही बंद पडणार. अँटी-स्टॉल अशा वेळी आपणहून क्लच सोडवतो आणि इंजिन चालू ठेवतो, म्हणजे गाडी ट्रॅकच्या मध्येच अडकून पडत नाही. पण गाडी भिंतीवर आदळली असेल तर तेच चालू इंजिन धोक्याचं. म्हणून फॉर्म्युला वनच्या नियमांत अशी अट आली की अँटी-स्टॉल लागल्यावर दहा सेकंदांच्या आत इंजिन बंद झालं पाहिजे. क्लचचंही तसंच. इंजिन बंद पडून गाडी थांबली, तरी किमान पंधरा मिनिटं क्लच मोकळा ठेवता यावा लागतो, तोही तेलाच्या दाबावर चालणारी मुख्य यंत्रणा (हायड्रॉलिक्स) निकामी झालेली असताना. त्याचं बटण बाहेरून दिसतं : पांढऱ्या गोलात लाल ‘एन’. ट्रॅकवरचे कर्मचारी ते दाबून गाडी ढकलत बाजूला नेतात. ते चाललं नाही, तर गिअरमध्ये अडकलेल्या गाडीशी माणसं भर ट्रॅकवर झटत राहतात आणि मागून बाकीच्या गाड्या येतच असतात.

२०१४ मध्ये जपानच्या सुझुका ट्रॅकवर फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर ज्यूल्स बियांकीची गाडी पावसात घसरून क्रेनवर आदळली. पुढच्या जुलैत, पंचविसाव्या वर्षी, तो गेला. चौकशी समितीला असं दिसलं की त्यानं ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही दाबले होते. अशा वेळी इंजिनची ताकद तोडणारी सोय गाडीत होती, पण दुसऱ्याच एका कंट्रोलनं तिला अडवलं. त्यामुळे धडकेचा वेग किती बदलला, हे समितीला नक्की सांगता आलं नाही. तुमची लेक हेच व्हिडिओ बघत असणार. तुम्हाला त्यात फक्त अपघात दिसतो. ती कारण शोधत बसलीय.

आता तुमचा एक मोठा गैरसमज. रेसिंग म्हणजे गॅरेज आणि तेलाचे हात, कॉम्प्युटर म्हणजे वेगळी वाट, असं तुम्ही धरून चालला आहात. बियांकीच्या गाडीतली ती सोय सॉफ्टवेअरमध्ये होती. क्लच कधी सोडायचा, टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारं बळ, कधी तोडायचा, हे सेन्सर आणि प्रोग्रॅम ठरवतात. तिनं कॉम्प्युटर घेतलं किंवा इलेक्ट्रॉनिक्स, तरी ती याच कामाकडे जाऊ शकते. विद्यार्थीच गाडी बांधतात त्या ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेत इलेक्ट्रिक गाड्यांना असाच नियम आहे : ब्रेक लावलेला असताना ॲक्सिलरेटर २५ टक्क्यांच्या वर राहिला, की मोटरची ताकद तुटलीच पाहिजे, आणि पेडल ५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत ती परत मिळत नाही. कॉलेज निवडताना तिथे ‘फॉर्म्युला भारत’ची टीम आहे का, हे जरूर विचारा.

एमएचटी-सीईटी, जेईई तुम्हाला ठाऊक आहेत. फिजिक्सचे मार्क तिला वाढवावेच लागतील. त्यासाठी तिचाच प्रश्न धरा, टॉर्क आणि घर्षण तिथेच आहे.

तिलाही एक स्पष्ट सांगतो. फॉर्म्युला वनमधल्या जागा मोजक्या आहेत आणि बहुतेक टीम इंग्लंडात आहेत. तेवढ्या एकाच आशेवर चार वर्षं घालू नकोस. पण गाडीचं इलेक्ट्रॉनिक्स बिघडलं तरी माणूस सुरक्षित राहावा, हे काम पुण्या-चाकणच्या वाहन उद्योगातही आहे.

आणि दादा, तुमच्या तेलाच्या हातांबद्दल. तुम्ही सोसलंत ते लेकीच्या वाट्याला नको, ही माया मला कळते. पण त्या मायेपोटी तुम्ही तिच्या अभ्यासालाच कमी लेखलंत, तेही ती घरात सगळ्यांत जास्त तुमच्याशी बोलू शकली असती अशा विषयात. घासून गुळगुळीत झालेली क्लच प्लेट बोटाला कशी लागते, हे कोणत्या क्लासात शिकवतात? रविवारी तिला वर्कशॉपवर न्या. ओळखीच्या गॅरेजमधून एक जुना क्लच आणून बाकावर खोला आणि तिला विचारू द्या.

वही मात्र आजच खाली काढा. तुम्ही टाकलीत, तर तुम्हीच काढून तिच्या हातात द्या.